तीन तिरके ताण

१

सुवर्णा गायखे यांनी नोकरीत इतक्या पडलेल्या गोष्टी पाहिल्या होत्या, की उभ्या गोष्टींवर त्यांचा फारसा विश्वास उरला नव्हता. पडलेली शेडनेट, बसलेल्या कांदाचाळी, महामार्गावर उलटलेले टेम्पो. विमा कंपनी फोन करायची, सुवर्णाबाई नाशिक रोडहून आपली जुनी गाडी काढायच्या, पडलेल्या वस्तूभोवती एक फेरी मारायच्या आणि ती का पडली ते लिहून द्यायच्या. लोक त्यांना चहा द्यायचे, आणि मग खोटं सांगायचे. चहा बहुतेक वेळा बरा असायचा.

आजची बाग पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, कादवा नदीच्या बाजूला होती. द्राक्षांत पाणी उतरलेलं, तोडणी तोंडावर आलेली, आणि पूर्वेकडचा मांडव जमिनीवर झोपलेला. लोखंडी खांब एकमेकांवर कलंडले होते, तारांचा गुंता झाला होता, आणि घडांचा चिखल होऊन त्यावर मधमाश्या बसल्या होत्या. वास नको इतका गोड होता.

"वारा नव्हता, मॅडम. पाऊस नव्हता," बागेचा मालक रविराज म्हणाला. पस्तिशीचा, अंगाने दणकट, पण डोळे झोप न झालेले. "सकाळी येऊन बघतो तर हे असं. तीन ओळी आधी बसल्या आणि शेजारच्या घेऊन गेल्या."

"मग पडला कशाने?"

"पडला नाही. पाडलाय." त्याने त्यांना ओळीच्या टोकाशी नेलं. शेवटच्या खांबाला मागून ओढून धरणाऱ्या तारेला ताण म्हणतात. तो आवळायला लोखंडी आटा असतो. रविराजने आट्यावर बोट ठेवलं. "या तीनच ओळींचे आटे सैल केलेत. बाकी सगळे जिथल्या तिथे."

आटा खरोखरच उलटा फिरवलेला होता. गंजाखालून उघडं पडलेलं लोखंड ताजं चमकत होतं.

"आणि कुणी फिरवले तेही मला माहीत आहे," रविराज म्हणाला. त्याने मोटारीच्या खोलीकडे मान वळवली. तिथे भिंतीला टेकून एक सडपातळ माणूस उकिडवा बसला होता. शेजारी एक म्हातारी. "दत्तू. मजुरांच्या टोळीचा मुकादम. संध्याकाळी पोलीस पाटील येतायत. मांडव मुद्दाम पाडलाय असं तुम्ही लिहून दिलंत, की मी तक्रार देणार."

सुवर्णाबाईंना एवढंच कळायला हवं होतं. दुसऱ्याने मुद्दाम पाडला तर विम्याचे पैसे मिळतात. बांधणीत खोट असेल तर दमडी मिळत नाही. म्हणजे रविराजला एक गुन्हेगार हवा होता, आणि तो त्याने त्यांच्या येण्याआधीच शोधून ठेवला होता.

२

गुडघे कुरकुरत असताना पडक्या मांडवाखाली वाकून शिरणं हे पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं काम नव्हे. पण सुवर्णाबाई शिरल्या. तक्रारदार दाखवतो ते बघायचं आणि तो दाखवत नाही तेही बघायचं, एवढी एकच शिस्त त्यांनी पाळली होती.

रविराजने न दाखवलेल्या दोन गोष्टी त्यांना सापडल्या.

पहिली म्हणजे अँकर. ताणाचं खालचं टोक ज्याला बांधतात तो जमिनीत गाडलेला लोखंडी गज आणि त्याच्या बुडाचा काँक्रीटचा गोळा. बाकीच्या ओळींचे अँकर मुरमात घट्ट रुतून बसले होते. या तीन ओळींचे मात्र गोळ्यासकट उपटून वर आले होते. त्यांना चिकटलेली माती काळी, भुसभुशीत आणि ओली होती. बागेत दुसरीकडे कुठे तसली माती नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे तीन मेढी. बाभळीच्या दुबेळक्याचे, म्हणजे दोन फाट्यांच्या फांदीचे टेकू, तिन्ही शेवटच्या खांबांच्या बुडाशी आडवे झालेले. कुणीतरी ते खांबांना आतून लावले होते. दुबेळक्यात पांढऱ्या कापडाची चिंधी गुंडाळली होती, खांबाला ओरखडा जाऊ नये म्हणून.

सुवर्णाबाईंनी चिंधीला हात लावला. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड. त्यांनी एक तुकडा पर्समध्ये टाकला.

एवढ्यात किशोर आला. मांडव उभारणारा हा कारागीर फटफटीवरून उतरता उतरताच बोलू लागला.

"माझ्या कामात खोट नाय, मॅडम. उलट मी सुधारलंय. गेल्या महिन्यात सगळे अँकर तपासले. बाकीचे ओळीच्या सरळ रेषेत होते. हे तीन वाकडे. एक डावीकडं, एक उजवीकडं, आन मधला तर ओळ सोडून लांब मागं गेलेला. ताण तिरका ओढत असला की खांब पिळतो. घडांचं वजन आलं की संपलं. म्हनून उपटून सरळ रेषेत घेतले."

"ते आधी तिरके कुणी घातले होते?"

"म्हाताऱ्यानं. रविराजच्या वडलांनी, सावळीराम नानांनी. मांडव उभा केला तवा सोता उभं राहून घातले म्हनं."

"खड्डे घेताना काही लागलं?"

किशोर हसला. "काय लागायचं? बाकी ठिकानी मुरमात ट्रॅक्टरच्या ड्रिलचे दात जातात. इथं सुळकन आत गेलं. म्हटलं बरं झालं, लवकर आटपलं."

सुवर्णाबाईंना त्याचा राग आला नाही. लवकर आटपलेल्या कामांवरच त्यांचं पोट चाललं होतं.

"नाना काही बोलले नाहीत?"

"बोलले तर. लय आडवे आले. म्हणाले, त्या तिन्हीला हात लावू नको. मी म्हटलं, का? तर ते गप्प. रविराज म्हणाला, त्यांचं वय झालंय, तू काम कर." किशोरने खांदे उडवले. "आन परवा यीऊन बघतो तर तिन्ही अँकरभोवती जमिनीला भेगा. मी रविराजला सांगनारच होतो."

"आणि सांगितलं नाहीस."

किशोरने फटफटीच्या आरशात पाहिलं. "लग्न व्हतं, मॅडम, पाव्हण्यात."

३

दत्तूने उठून नमस्कार केला. बोलला मात्र त्यांच्या चपलांकडे बघत.

"मोटारीच्या खोलीची चावी माझ्याकडं असते, बाई. पाना तिथंच खिळ्याला हाय. पहाटं पानी मी सोडतो. म्हनून माझं नाव."

"घरात दुसरी चावी नाही?"

"हाय की. पन घरच्यांचं नाव कोन घेईल?"

त्यात कडवटपणा नव्हता, आणि तेच सुवर्णाबाईंना जास्त लागलं. हा माणूस आपल्यावर आळ येणार हे धरूनच जगत आलेला दिसत होता. शेजारची म्हातारी, त्याची आई चिमणाबाई, विळ्याने बोटाएवढ्या काटक्या तोडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"पळून का नाही गेलास? गावाकडे, पेठला जायचा रस्ता मोकळा होता."

दत्तूने आईकडे पाहिलं. "आमच्यात एकजन गेला व्हता घरी. सनाला. त्याचं काय झालं ते ठाव हाय."

मग चिमणाबाईच बोलली, काटकी मोडता मोडता. "ती बांधापल्याड हाय ना, तिला ईचार. ती सांगल समदं. तिला लय आवडतं सांगाया."

बांधापल्याड लंकाबाई होती. सावळीरामच्या चुलतभावाची विधवा, पलीकडच्या पट्टीची मालकीण. सुवर्णाबाई बांधावर पोचायच्या आत तिने बोलायला सुरुवात केली होती.

"तुम्ही इम्याच्या ना? लिहा, लिहा. चोराचा पोरगा हाय तो. तो आल्या दिवशीच मी वळखला. त्याचा बाप काळू आमच्या नानांच्या बागंतच कामाला व्हता, रविराज बालवाडीत जायचा तव्हा. आमची बैलजोडी चोरली त्यानं."

"चोरताना पाहिला का?"

"पाहायचं काय त्यात? सकाळी दावनीला बैल नाय, आन काळू बी नाय. सनाला गेलो व्हतो म्हनं घरी." लंकाबाईचा आवाज बदलला. ती आता काळूविषयी बोलत नव्हती. "ढवळ्या आन हरण्या. वासरं असल्यापासून मी वाढवलेली. त्या साली पोळ्याला नाशकाच्या भांडीबाजारातून शेंब्या आनल्या व्हत्या शिंगांच्या टोकांना, पितळी, खाली वेल कोरलेल्या. शिंगं अशी झळकायची, बाई. मालक त्या बैलांच्या मागंच गेले. खाटंला खिळले ते उठलेच नाय."

"आणि काळूचं काय झालं?"

लंकाबाईने पदर सारखा केला. "परत आला तव्हा गावानं धरला. मारला. मीच दाखवला व्हता हात करून. बैल कुठं इकले ते शेवटपर्यंत बोलला नाय."

बांधावरून परत येताना सुवर्णाबाईंना भूक लागल्याचं लक्षात आलं आणि मग तीही मेली. दत्तूच्या हाती चावी होती आणि आता सूड घ्यायला कारणही मिळालं होतं. अहवाल अर्ध्या तासात लिहून झाला असता. फक्त एक गोष्ट त्यांच्या गळी उतरत नव्हती. ज्याला मांडव पाडायचाय तो टेकू कशाला लावील?

४

सावळीराम घराच्या ओट्यावर बसले होते. समोर भाकरीचं ताट होतं, आणि भाकरी मोडलेलीसुद्धा नव्हती. रविराज दाराशी उभा राहिला.

"नाना, मॅडम विचारतील ते सांगा. उगाच जुनं काढत बसू नका."

सुवर्णाबाईंनी रविराजकडेच पाहिलं. "ही टोळी कुणी ठरवली?"

"नानांनीच," रविराज वैतागून म्हणाला. "मी म्हणत होतो सुरगाण्याची नेहमीची टोळी बोलवू. तर हे या वयात एसटीने पेठला गेले. पाड्यावर जाऊन दत्तूला हुडकून काढला. आता कळतंय कुणाचा पोरगा तो. यांना माहीत होतं की नव्हतं, देव जाणे."

"नाना, माहीत होतं?"

म्हाताऱ्याने होकारार्थी मान हलवली.

"बघा," रविराज म्हणाला. "चोराचा पोरगा माहीत असून घरात आणला. याला काय म्हणायचं?"

सुवर्णाबाईंनी त्याला पाणी आणायला पाठवलं. त्यांना तहान नव्हती. मग त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या. म्हाताऱ्याच्या खांद्यावर पांढरं उपरणं होतं. त्याचं एक टोक शिवलेलं होतं आणि दुसरं फाटलेलं. त्यांनी पर्समधली चिंधी काढून नुसती मांडीवर ठेवली.

सावळीरामांनी उपरण्याचं फाटकं टोक मुठीत घेतलं.

"बाई," ते म्हणाले, "त्या पोराचं नाव घालू नका."

"मग कुणाचं घालू?"

त्यांचे ओठ हलले. आतून रविराजच्या पावलांचा आवाज आला, आणि ओठ मिटले. म्हाताऱ्याने ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

सुवर्णाबाईंनी पाण्याचा तांब्या घेतला. आटे कुणी फिरवले हे आता त्यांना कळलं होतं. पण आपल्याच बागेला टेकू लावल्याचं सांगायला माणूस इतका का घाबरतो, ते कळत नव्हतं. त्यासाठी परत त्या चिखलात जाणं भाग होतं.

५

बागेच्या कडेला द्राक्षं भरायची रिकामी क्रेट रचून ठेवली होती. सुवर्णाबाईंनी त्यातली तीन उचलली. जुने तिरके अँकर जिथून उपटले होते तिथे मुरमातले खळगे अजून दिसत होते. त्यांनी प्रत्येक खळग्यावर एक क्रेट पालथं घातलं आणि मागे सरून पाहिलं.

एक क्रेट डावीकडे, एक उजवीकडे, एक लांब मागे. मधोमध जमिनीचा मोकळा तुकडा. ज्याने हे तीन अँकर घातले तो ओळीची सरळ रेषा चुकला नव्हता. मधल्या तुकड्याला वळसा घालून गेला होता.

मधे विहीर असती तर वळसा याहून मोठा पडला असता. खडक असता तर किशोरचं ड्रिल सुळकन गेलं नसतं. म्हणजे खड्डा होता, आणि बुजवलेला होता.

किशोरने घातलेला मधला अँकर उपटला गेला तिथे भोक पडलं होतं. त्या गुडघे टेकून खाली बसल्या. साडीला चिखल लागला तेव्हा घरी जाऊन हे धुवावं लागणार, एवढाच विचार मनात आला. शेजारी पडलेल्या खुरप्याने त्या काळी माती उकरू लागल्या. आधी मुळ्या आल्या, मग पिवळसर हाडाचा एक जाड तुकडा. मग खुरपं कशावर तरी वाजलं.

बाहेर आलेली वस्तू हिरवीगार झाली होती, टोपीसारखी, बोटभर उंचीची, वर निमुळती. त्यांनी ती पदराने पुसली. हिरव्याखालून पिवळं आलं, आणि खालच्या काठावर कोरलेली वेल.

सुवर्णाबाई तिथेच बसून राहिल्या. खूप वर्षांनी त्यांना एखाद्या पडलेल्या गोष्टीचं वाईट वाटलं.

६

पोलीस पाटील आले तेव्हा ऊन कललं होतं. सुवर्णाबाईंनी सगळ्यांना तीन क्रेटांपाशी बोलावलं. रविराज, किशोर, दत्तू, चिमणाबाई. लंकाबाई न बोलावता आली. सावळीराम सगळ्यांत शेवटी आले, काठी टेकत.

"मला फार बोलवत नाही, तेव्हा एकदाच सांगते," त्या म्हणाल्या. "मांडव पाडायचा असता तर पकडीने एक तार तोडली की काम झालं. इथे तार तुटलेली नाही. आटे दोनचार वेढे मागे घेतलेत, ओढ कमी व्हावी म्हणून. खांबांना टेकू लावलेत, आणि टेकूला चिंध्या बांधल्यात. हे पाडणाऱ्याचं काम नाही. वाचवणाऱ्याचं आहे."

"वाचवणारा लपून कशाला करेल?" रविराज म्हणाला.

"तेच मलाही कळेना. हे अँकर उपटणार हे त्याला आधीच माहीत होतं. किशोरने ते सरळ केले आणि नेमके मऊ जमिनीत घातले. घडांत वजन भरलं, पाणी मुरलं, जमिनीला भेगा पडल्या. मऊ जमीन कुठे आहे हे ज्याला माहीत होतं त्यानेच आधीचे अँकर तिरके घातले होते." त्यांनी चिंधी पुढे धरली. "नानांच्या उपरण्याची आहे."

रविराजने वडिलांकडे पाहिलं. "नाना? मग मला सांगायचं ना. इथे खड्डा आहे एवढं सांगायला काय झालं होतं?"

"खड्ड्याचं सांगितलं असतं, तर खड्ड्यात काय आहे ते तू विचारलं असतंस," सुवर्णाबाई म्हणाल्या. "पुढचं मी सांगणार नाही. नाना सांगतील. नाही सांगितलं तर ही वस्तू सांगेल."

त्यांनी मूठ उघडली.

सर्वांत आधी लंकाबाईने पाहिलं. तिने शेंबी त्यांच्या हातातून घेतली, उलटी केली, वेलीवरून अंगठा फिरवला. बांधापल्याडून अख्खी तीस वर्षं बोलत आलेल्या त्या बाईने शेंबी मुठीत घट्ट आवळली.

सावळीरामांनी काठी जमिनीवर ठेवली आणि तिथेच खाली बसले.

"फवारनीच्या औषदाचं पिंप उघडं राह्यलं व्हतं माझं," ते म्हणाले. "बैल दावं तोडून बागंत आले. त्यातलं पानी पेले. मी सकाळी उठलो तर दोनी इथं आडवे. खताचा खड्डा काढून ठेवला व्हता, इथंच. माझेच बैल जुपले आन ओढून आत घातले. माझी जोडी पाय उचलंना. मी त्यांला हानलं. त्या जोडीला म्या कधी बोट लावलं नव्हतं, त्या दिशी हानलं."

त्यांनी हाताखालची काळी माती मुठीत घेतली.

"रामदासला, लंकाच्या मालकाला सांगनार व्हतो. भाऊच व्हता. पन मोसम चालू व्हता, नवी जोडी भरून द्यायची ऐपत नव्हती. म्हटलं दोन दिसांनी सांगू. दोन दिसांत काळूचं नाव झालं. मग तोंडच उघडंना."

"अन् आता?" पोलीस पाटलांनी विचारलं. "आता दत्तूचं नाव झालं तेव्हा?"

"सांगनार व्हतो असं म्हननार नाय," सावळीराम म्हणाले. "पोराला हितं आनलं ते बरं करायसाठीच आनलं व्हतं. कायतरी द्यावं, जवळ ठेवावं. आन त्याच्यावर बी तेच आलं, माझ्याच पायी. सकाळधरनं घास उतरत नाय. तरी तोंड उघडलं नाय."

दत्तू त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधायचा सुवर्णाबाईंनी प्रयत्न केला. तिथे नुसता थकवा होता, त्यांच्या स्वतःच्या थकव्याहून कितीतरी जुना.

७

पोलीस पाटील लिहिण्यासारखं काही नसल्याने चहा न घेता गेले.

रविराज गाडीपाशी आला तेव्हा सुवर्णाबाई चपलांचा चिखल काढत होत्या. "आता विम्याचं काही होऊ शकतं का?" त्याने विचारलं.

"नाही. अँकर मऊ जमिनीत घातले म्हणून मांडव पडला. बांधणीतली खोट. मला तसंच लिहावं लागेल."

तो भांडेल असं त्यांना वाटलं होतं. त्याने नुसती मान हलवली. किशोर मागे घुटमळत होता. राहिलेल्या ओळी तरी वाचवायला हव्या होत्या.

"अँकर कुठं घालू मग?" किशोरने विचारलं.

"नानांनी घातले होते तिथेच घाल," रविराज म्हणाला. "तिरके."

तिकडे दत्तूची टोळी सामान आवरत होती. या बागेत आता राहायचं नाही, एवढं त्यांनी आपसात न बोलताच ठरवलं होतं. सावळीराम चिमणाबाईसमोर उभे होते, उपरण्याचं फाटकं टोक दोन्ही हातांनी धरून. ते काय म्हणाले ते सुवर्णाबाईंना ऐकू आलं नाही. चिमणाबाईचं ऐकू आलं, कारण तिने आवाज खाली घेतला नव्हता.

"मला नको सांगूस. मला ठावच व्हतं, बैल त्यांनी नाय नेले. माझ्याजवळ ते कधी खोटं बोलले नाय." तिने विळा पिशवीत घातला. "हात वर जात नव्हता त्यांचा, मारलं तवापासून. त्याचं बी जाऊ दे. पन आमचे पाड्यावर लोकं म्हनत, बैलचोर. पोराच्या लग्नात म्हनत. मेले तरी म्हनत. हितं चार मानसांत सांगून मला काय? तिथं ये. पाड्यावर उभा रहा आन सांग."

सावळीरामांनी पायातल्या वहाणा नीट केल्या आणि काठी उचलली.

"नाना, उद्या जाऊ," रविराज म्हणाला. "दमलाय तुम्ही."

"आज जाऊ," सावळीराम म्हणाले.

रविराजने पिकअप काढली. टोळी मागे चढली. सावळीराम पुढे बसायला तयार होईनात, तेव्हा दत्तूनेच हात देऊन त्यांना मागे घेतलं. गाडी हलणार एवढ्यात बांधावरून लंकाबाई आली. डोक्यावर पदर, मुठीत शेंबी. ती पिकअपच्या मागे येऊन उभी राहिली.

"तू कशाला?" सावळीरामांनी विचारलं.

"हात करून मी दाखवला व्हता," लंकाबाई म्हणाली.

चिमणाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग आपलं गाठोडं मांडीवर घेऊन ती थोडी सरकली. लंकाबाई धडपडत चढली आणि त्या मोकळ्या जागेत अंग चोरून बसली.

"पाडा लय लांब हाय का?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

"गाडीनं नाय लांब," चिमणाबाई म्हणाली. "ते मार खाऊन चालत आलते."

पिकअप रस्त्याला लागली. सुवर्णाबाईंना लासलगावला जायचं होतं, एक बसलेली कांदाचाळ बघायला. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि पिकअप पुढे जाऊ दिली.